बीज, क्षेत्र आणि कोबी

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात वर्णसंकराची चर्चा चालू असताना मध्येच शेतीचा एक प्रश्न येतो. बीज श्रेष्ठ की क्षेत्र? काही जाणते बीजाची थोरवी गातात, काही क्षेत्राची, काही दोन्हींची, असे तिथे प्रांजळपणे नोंदवले आहे. नापीक जागी पडलेले बी आतल्या आत मरते आणि बी नसलेली जमीन नुसती उघडी राहते, हेही मान्य केले आहे. एवढे मान्य करून निवाडा मात्र बीजाच्या बाजूने दिला आहे. कारण काय, तर बीजाच्या प्रभावाने पशुयोनीत जन्मलेलेही ऋषी झाले. हाच युक्तिवाद त्याआधी नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज ठरवून येऊन गेलेला असतो. तिथला दाखला असा: एकाच शेतात वेळेवर भात, मूग, तीळ, उडीद, जव, लसूण, ऊस लावले तरी प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणेच उगवतो. या यादीत कोबी नाही आणि असणे शक्यही नव्हते, कारण तो फार उशिरा युरोपीयांबरोबर या देशात आला. तरीही या वादात कोबीइतका चांगला साक्षीदार दुसरा मिळणार नाही.

मनूला शेतीबद्दल काही सांगायचे नव्हते. त्याला माणसांच्या जन्मजात दर्जाबद्दल सांगायचे होते, आणि ते पटावे म्हणून त्याने शेतकऱ्याची साक्ष काढली. शेतात जे घडते त्यात कुणाचा स्वार्थ नसतो, ते निसर्गाचे सरळ बोलणे असते, असा आपला समज असतो. त्या समजावर हा युक्तिवाद उभा आहे. तो जुना झाला असेही नाही. 'खाण तशी माती' ही म्हण, 'ते रक्तातच असावं लागतं' हे लग्नाच्या बैठकीतले वाक्य, अमक्या समाजाची मुले मुळातच हुशार ही शिक्षकांच्या खोलीतली कुजबुज, या सगळ्यांमागे तोच शेतकरी साक्षीला उभा असतो. माझे म्हणणे असे की हा साक्षीदार केव्हाच फुटला आहे. बीजात असतो तो शक्यतांचा एक पट्टा. त्यातले काय दिसेल हे जमीन, ऋतू आणि लावणाऱ्याचा हेतू मिळून ठरते. म्हणून दिसलेल्या गुणावरून मूळ स्वभाव वाचायचा आणि त्या वाचनावरून कुणाची जागा कायमची ठरवायची, हे स्वतः शेतकरी कधी करत नाही. ते त्याच्या नावावर इतरांनी केले.

मनूच्या यादीतली चलाखी आधी पाहू. त्याने मूग आणि ऊस शेजारी ठेवले. मुगाचा ऊस होत नाही हे कुणीही कबूल करेल, पण वर्णाचा प्रश्न मूग आणि ऊस यांच्यातला नाहीच. तो एकाच जातीच्या आतल्या भेदांचा आहे. तिथे कोबीला विचारावे. कोबी, फुलकोबी, नवलकोल, ब्रोकोली, युरोपातली केल नावाची पालेभाजी, या सगळ्या वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकच जात आहेत. त्यांची बारीक, काळपट, मोहरीसारखी बियाणी तळहातावर एकत्र केली तर मुरलेला माळीही ती नजरेने वेगळी करू शकणार नाही. या सर्वांची रानटी पूर्वज मंडळी युरोपच्या समुद्रकाठच्या चुनखडीच्या कड्यांवर आजही वाढतात आणि त्यांना गड्डा धरत नाही. कुठे माणसांनी पानांसाठी निवड केली, कुठे खोडासाठी, कुठे कळ्यांसाठी. कोबीचा गड्डा म्हणजे शेंड्याचा कोंब, जो न उलगडता आतल्या आत पानांवर पाने चढवत राहतो. नवलकोल म्हणजे फुगलेले खोड. ज्याला आज आपण कोबीचा स्वभाव म्हणतो तो शेकडो वर्षे काही लोकांनी काही जागी केलेल्या निवडीचा साठा आहे. बीज हे स्वतःच जुन्या क्षेत्रांचे फळ असेल, तर बीज आधी की क्षेत्र या भांडणात बीजाला आरंभाचा मान देता येत नाही.

आता हे बी घेऊन रानात यावे. शालिस्तंब सूत्र नावाचा एक जुना बौद्ध ग्रंथ भाताच्या रोपाच्या निमित्ताने नेमका हाच प्रश्न हाताळतो. बीजातून अंकुर येतो, पण पृथ्वी, पाणी, तेज, वायू, आकाश आणि ऋतू ही सहा जुळल्याशिवाय येत नाही, असे तिथे सांगितले आहे. पृथ्वी आधार देते, पाणी ओलावते, तेज पिकवते, वायू उमलवते, आकाश अडथळा करत नाही आणि ऋतू पालटवतो. यांपैकी कुणालाच 'हे मी करतो' असे वाटत नसते, बीजालासुद्धा नाही. कोबीच्या लागवडीची कोणतीही माहितीपुस्तिका उघडली तर हीच सहा नावे दुसऱ्या पोशाखात भेटतात. जमीन मध्यम, पोयट्याची, भरपूर शेणखताची आणि मुख्य म्हणजे उत्तम निचऱ्याची हवी. हलक्या वाळूमिश्रित जमिनीत पीक लवकर येते, भारी जमिनीत उशिरा पण वजनाला भरते. सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या आसपास बरा. पाणी बेताचे आणि सातत्याचे लागते. आठ-दहा दिवस ताण देऊन एकदम भरपूर पाणी दिले की तयार गड्डा तडकतो. गड्डा धरताना हवा १५ ते २० अंशांच्या दरम्यान असावी, पारा तिशीच्या पुढे गेला की बहुतेक थंड हवेच्या वाणांचे गड्डे सैल राहतात किंवा धरतच नाहीत. आणि ज्याला सूत्र आकाश म्हणते ते माळी अंतर म्हणतो: ४५ सेंटिमीटरवर लावलेले रोप आणि ३० सेंटिमीटरवर लावलेले रोप एकाच पुडीतले असले तरी त्यांचे गड्डे सारख्या आकाराचे भरत नाहीत. मोकळी जागा हीदेखील एक सामग्री आहे, हे त्या ग्रंथकाराला दिसले होते याचे मला नेहमी कौतुक वाटते.

जमिनीचा सामू हा तर तत्त्वज्ञाला हेवा वाटावा असा दाखला आहे. आम्ल जमिनीत मॉलिब्डेनम असूनही झाडाला मिळत नाही. मग फुलकोबीची पाने पातेच नसल्यासारखी अरुंद, चाबकाच्या दोरीसारखी वाढतात. पाहणाऱ्याला वाटेल वाण नासला. त्याच जमिनीत चुना मिसळला, सामू चढला, की बाहेरून मॉलिब्डेनमचा कणही न घालता नवे पीक चांगले येते. म्हणजे द्रव्य होते, बीज होते, तरी 'निकस वाण' दिसत होता. आम्ल, दमट जमिनीत कोबीवर्गाची मुळे गाठाळून फुगतात तो रोगही चुन्याने आटोक्यात येतो. उलट खारवट जमिनीत पानांच्या कडा वाळतात. बोरॉन कमी पडले तर खोड आतून पोकळ होते. कुठलाही शहाणा बागायतदार अशा वेळी बियाण्याच्या कुळाचा उद्धार करत बसत नाही. तो आधी मातीचा नमुना तपासायला पाठवतो. बीज दोषी ठरवायचे असेल तर तेच बी चांगल्या रानात लावून पाहायला हवे, आणि शेजारच्या दुसऱ्या बियाण्यालाही तेच रान, तेच पाणी, तीच तारीख द्यायला हवी. कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर वाणांची तुलना अशीच होते. माणसांच्या बाबतीत ही अट कुणी कधी पाळली आहे का, हा प्रश्न बीजवाद्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही.

इथवर कुणी म्हणेल, ठीक आहे, क्षेत्र चांगले असावे. पण चांगल्या क्षेत्रात तरी शेवटी बीजाचा खरा स्वभावच प्रकट होतो ना? आदर्श जमीन आणि आदर्श हवामान म्हणजे जिथे वस्तू स्वतःच्या पूर्णतेला पोहोचते ती जागा. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला उत्तरही कोबीच देतो. कोबी मुळात दोन वर्षांचे झाड. पहिल्या वर्षी तो पाने साठवतो, हिवाळ्याची थंडी खातो, मग गड्डा फोडून दांडा वर काढतो, पिवळी फुले येतात, शेंगा भरतात. झाडाच्या बाजूने पाहिले तर ती त्याची पूर्णता. पण यासाठी खोड पेन्सिलीएवढे तरी जाड झाल्यावर काही आठवडे साधारण ४ ते १० अंशांची थंडी मिळावी लागते. तीच थंडी कोवळ्या रोपाला मिळाली तर त्याच्यावर परिणाम होत नाही. नाशिक-पुणे पट्ट्यात रब्बीला लावलेल्या थंड हवेच्या वाणांना ही सलग थंडी सहसा लाभत नाही, म्हणून त्यांचे बियाणे हिमाचलच्या कुलू खोऱ्यात किंवा काश्मीरमध्ये धरतात. म्हणजे आपल्याकडे ज्याला कोबीसाठी उत्तम हवामान म्हणतात ते असे हवामान आहे, जिथे कोबी आपल्या आयुष्याच्या मध्यावर थांबतो आणि तिथेच कापला जातो. गड्डा घेणाऱ्याच्या शेतात अवेळी फुलदांडा आला तर ते नुकसान. बियाणे घेणाऱ्याच्या शेतात तो आला नाही तर ते नुकसान. एकच झाड, दोन आदर्श हवामाने, आणि ती ठरवणारे झाड नव्हे. आदर्श हा जमिनीचा गुण नाही, तो हेतूशी जमिनीचे असलेले नाते आहे. कुणी जेव्हा म्हणतो की अमक्याचा स्वभाव अमक्या कामात पूर्ण फुलतो, तेव्हा ते काम कुणाला हवे होते हे विचारण्याचा हक्क मला या पिकाने दिला असे मी समजतो.

मनूच्या निवाड्याचा गाभा शुद्धतेत आहे; दहावा अध्याय संकराच्या भीतीनेच लिहिलेला आहे. तिथे कोबीचे वागणे चमत्कारिक आहे. कोबीच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, तरी स्वतःचा पराग स्वतःच्या कुक्षीवर पडला तर झाड तो बहुधा स्वीकारत नाही. तिथल्या रसायनांना आपला पराग ओळखू येतो आणि ते त्याला रुजू देत नाहीत. शुद्ध वंश हवा असेल तर पैदासकाराला ही ओळख पटण्याआधीच, न उमललेली कळी हाताने उघडून परागण करावे लागते. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध केलेल्या ओळी बहुधा खुरटत जातात. त्या खुरटलेल्या दोन ओळींचा संकर केला की एकसारखे, जोमदार, भरगच्च गड्डे येतात आणि आज बाजारात जाणारा बराचसा कोबी असा संकरितच असतो. या झाडाच्या दृष्टीने शुद्धता ही माणसाने जबरदस्तीने घडवलेली अवस्था आहे आणि संकर हा त्याचा नित्यक्रम. बीजोत्पादनाच्या शेतात कोबीपासून फुलकोबी किंवा नवलकोल निदान हजार मीटर दूर ठेवावे लागतात, कारण संधी मिळताच ही मंडळी एकमेकांत मिसळतात. एका झाडावरून माणसाबद्दल काही सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे. पण निसर्गाची साक्ष काढणाऱ्याने निसर्गाची ही साक्षही ऐकून घ्यायला हवी.

दुसऱ्या टोकाकडून येणारा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: मग क्षेत्र हेच सर्वस्व समजायचे का? परिस्थिती बदलली की कशाचेही काहीही करता येते, असे? विसाव्या शतकात हे मत राज्यसत्तेवर बसले होते. सोव्हिएत रशियात त्रोफीम लिसेन्को याने, गव्हाच्या बियाण्याला थंडी देऊन त्याच्या वाढीचा क्रम बदलता येतो एवढ्या खऱ्या निरीक्षणावरून, असे मिळवलेले बदल वारशाने पुढे जातात आणि अनुवंशशास्त्र हे बुर्झ्वा थोतांड आहे, असा सिद्धांत रचला. स्तालिनला तो सोयीचा वाटला. जगभरचे बियाणे गोळा करणारे निकोलाय वाविलोव १९४० मध्ये पकडले गेले आणि १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात वारले. त्यांच्या संस्थेतले गिओर्गी कार्पेचेन्को यांनी १९२०च्या दशकात मुळा आणि कोबी यांचा संकर करून त्यातून स्वतः बी धरणारी नवी वनस्पती मिळवली होती. तिला ना कोबीचा गड्डा आला ना खाण्याजोगा मुळा, पण विज्ञानाच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट होती. १९४१ मध्ये त्यांना गोळी घातली गेली. क्षेत्रवाद्यांच्या हाती लागलेला हा कोबी विसरून चालणार नाही. बीजाला सीमा असतात. कितीही चुना घाला, कोबीला वांगे लागणार नाही. भर उन्हाळ्यात गड्डा हवा असेल तर उष्णता सोसणारा वाणच आणावा लागतो, जुन्या वाणाला समजावून उपयोग नाही. माझा आग्रह फक्त हा, की सीमा म्हणजे बिंदू नव्हे. आणि सीमाही हलतात: दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने काढलेला पुसा अगेती हा वाण मैदानी हवेतही बी धरतो. फुलासाठी पहाडी थंडी लागते हा ज्याला आपण कोबीचा अढळ स्वभाव म्हटले असते, तोही निवडीने सैल झाला.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या पंधराव्या प्रकरणात तर्काने जे म्हटले ते यापुढे एक पाऊल जाते. हेतू (कारण) आणि प्रत्यय (सहायक अटी) यांतून जे घडते त्याला स्वभाव म्हणता येत नाही, कारण स्वभाव म्हणजे कुणी न घडवलेले, कशावर अवलंबून नसलेले. त्या अर्थाने कोबीला स्वभाव नाही, मुगालाही नाही. इतक्या कडक व्याख्येने व्यवहार चालत नाही, असे आस्तिक परंपरेतला वाचक म्हणेल, आणि गीतेकडे बोट दाखवेल: अठराव्या अध्यायात वर्णांची कर्मे स्वभावातून उपजलेल्या गुणांनी वाटलेली आहेत, जन्माने नव्हे, म्हणजे वर्ण गुणांवर आहे, त्यात अन्याय कुठला? पण त्याच अध्यायात काही श्लोक आधी कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो त्याची दृष्टी कच्ची आहे, असेही लगेच म्हटले आहे. भाष्यकार यातून अहंकाराच्या त्यागाकडे वळतात, तो त्यांचा विषय. मला यातून निघणारा साधा परिणाम पुरेसा आहे. कर्म जर पाचांचे असेल, तर कर्मात दिसणारा गुणही पाचांचा आहे. तो एकट्या कर्त्याच्या खात्यावर मांडून त्यावरून त्याचा वर्ण ठरवणे गीतेच्याच हिशेबात बसत नाही. यावर पूर्वकर्माचा सिद्धांत पुढे करता येतो: ज्याला वाईट क्षेत्र मिळाले ते त्याच्याच मागल्या कर्माने. हे म्हणणे खोडता येत नाही हे खरे, पण ते कशालाही लावता येते हीच त्याची अडचण आहे. पीक बुडाले तरी ते लागू, तरले तरी लागू. शिवाय त्या सिद्धांतावर मनापासून विश्वास असलेला शेतकरीही पिकाला पाणी देणे थांबवत नाही.

क्षेत्र हे दैवाने मिळते की माणसे ते घडवतात, हा यातला सगळ्यात ऐहिक आणि सगळ्यात टाळला जाणारा भाग आहे. जोतीराव फुले माळी समाजातले. बी आणि माती यांचे नाते त्यांना कुणी सांगण्याची गरज नव्हती. १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ते शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे त्याच्या रक्तात शोधत नाहीत. डोंगरावरची कुजलेल्या पालापाचोळ्याची कसदार माती पावसाबरोबर वाहून जाते, तर सरकारने आपल्या फौजेकडून आणि पोलिसांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत आणि ते पाणी शेतात मुरू द्यावे, असे ते सुचवतात. आणि त्याच पुस्तकात धर्माच्या नावाने चालणारी नाडवणूक, कोर्टकचेऱ्या, शिक्षणाचा अभाव यांचाही हिशेब मांडतात. त्यांच्या लेखी बंधारा आणि शाळा हे दोन्ही क्षेत्राचेच भाग आहेत. पुढे १९३६ मध्ये 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' लिहिताना आंबेडकरांनी, जात ही वंशाची गुणवत्ता राखण्याची युक्ती आहे असे नव्या विज्ञानाच्या भाषेत सांगणाऱ्यांना गाठले आणि विचारले की इतक्या शतकांच्या निवडीचे ते उत्तम फळ दाखवा तरी. पैदासकाराला बाजार विचारतो तोच हा प्रश्न आहे.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत खरा: माणूस म्हणजे कोबी नव्हे. मान्य. पण मग बीज-क्षेत्राची उपमा दोन्ही बाजूंनी खाली ठेवायला हवी, आणि ती खाली ठेवली की जन्मजात दर्जाच्या समर्थकाकडे शेतातला एकही पुरावा उरत नाही. माझ्याकडे तरी माणसाकडे सरळ पाहण्याची वाट उरते. दोघांत जो खरा फरक आहे तोही त्याच्या बाजूचा नाही. कोबीला दुसऱ्या रानात चालत जाता येत नाही, आपला सामू बदलता येत नाही, आणि गड्डा कापायचा की फुलू द्यायचे या निर्णयात त्याला विचारले जात नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हटले आहे आणि ते जाणणारा त्याहून निराळा सांगितला आहे. ही दृष्टी स्वीकारली तर प्रत्येक माणूस, कुठल्याही कुळातला, जाणणाऱ्याच्या बाजूला येतो आणि क्षेत्र व बीज ही दोन्ही त्याच्या जाणण्याचा विषय होतात. नवव्या अध्यायात जिला मनूने नुसते क्षेत्र म्हणून मोजले ती स्त्रीसुद्धा.